फुग्यांचा मोठा मोर: आधी एक पीस मोजा, मगच ऑर्डर घ्या

व्हिडिओमध्ये आपण लांब फुग्यांचा चार फुटी मोर उभा केला. तो बघून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, याचे किती पैसे घ्यायचे?" व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. म्हणून आज दोन्ही गोष्टी एकत्र शिकू.

आधी माल समजून घ्या

दुकानात "टू-सिक्स्टी" म्हणून मागाल तो लांब फुगा आपल्या कामाचा. २६० मधला २ म्हणजे पूर्ण फुगवल्यावर जाडी २ इंच आणि ६० म्हणजे लांबी ६० इंच. १६० चा फुगा १ इंच जाडीचा, म्हणजे बोटं, तुरा अशा बारीक कामाला. हे फुगे तोंडाने फुगवायच्या भानगडीत पडू नका, हातपंप घ्या. दिवसाला शंभराच्या वर फुगे लागायला लागले की मग इलेक्ट्रिक पंपाचा विचार करा, आधी नको.

फुगा टोकापर्यंत भरायचा नाही. प्रत्येक पिळासोबत हवा पुढे सरकते, तिला जागा लागते. साध्या कुत्र्यासाठी शेवटी तीन-चार इंच शेपूट रिकामी ठेवतात. पीळ जास्त असतील तर शेपूट जास्त. गाठ मारायच्या आधी थोडी हवा सोडा, फुगा मऊ होतो आणि कमी फुटतो.

तीन पीळ पक्के करा

१. साधा पीळ: गाठीकडून सुरुवात करायची. चार बोटं मोजून दाबायचं आणि दोन-तीन वेळा फिरवायचं. सगळे पीळ एकाच दिशेने. उलट फिरवलात की आधीचा पीळ सुटलाच म्हणून समजा.

२. कुलूप पीळ: दोन सारखे गोळे शेजारी दुमडून त्यांची टोकं एकत्र पिळायची. आता हात सोडला तरी ते सुटत नाहीत.

३. कान पीळ: इंचभराचा छोटा गोळा, बाहेर ओढून स्वतःभोवतीच तीन वेळा फिरवायचा. फुग्याला वळण द्यायचं असेल, दुसरा फुगा जोडायचा असेल, तर हाच सांधा.

मोठ्या कलाकृतीत यापेक्षा फार वेगळं काही नसतं. मोराचं अंग म्हणजे विणकाम आहे, टोपली विणतात तसं. तीन-चार फुगे गाठीपाशी एकत्र बांधायचे, प्रत्येकाचा सारख्या मापाचा गोळा करायचा, टोकं एकमेकांत अडकवायची, की एक फेरी झाली. पुढच्या फेरीत गोळे मोठे केले की पोट फुगतं, लहान केले की मान निमुळती होते. आकार गोळ्याच्या मापातून येतो, म्हणून जवळ पट्टी ठेवा. अंदाजाने केलं की मोर एका बाजूला कलतो.

आता घड्याळ लावा

मोठी कलाकृती म्हणजे एकच तुकडा परत परत. मग एक तुकडा मोजला की सगळा हिशोब हातात येतो.

आपल्या मोराला २० पिसं. एका पिसाला तीन फुगे, सहा मिनिटं. म्हणजे ६० फुगे, २ तास. अंगाला ३० फुगे, २ तास. मान-डोक्याला १० फुगे, पाऊण तास. खालच्या बैठकीला २० फुगे, पाऊण तास. सगळं जोडायला दीड तास. एकूण १२० फुगे आणि ७ तास. फुटणारे २० धरा, म्हणजे १४० फुगे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका ताईंनी असाच मोर पहिल्या वाढदिवसासाठी १,५०० रुपयांत ठरवला. फोनवर, एका मिनिटात. बहिणीला मदतीला घेतलं, रात्री दोनपर्यंत बसल्या. गिऱ्हाईक खूश, फोटो झकास! आम्ही नंतर वही घेऊन बसलो. फुगे ४ रुपयांप्रमाणे ५६०, रिक्षा २००. उरले ७४०. वेळ? बनवायला ७ तास, खरेदी आणि आखणीला २, नेऊन उभं करायला २, म्हणजे ताईंचे ११ तास. बहिणीचे ५. सोळा तासांना ७४० रुपये, म्हणजे तासाला साधारण ४६ रुपये. ताई म्हणाल्या, "सर, मी हे बंदच करणार होते. मला वाटलं मलाच जमत नाही." कला उत्तम जमत होती हो! भाव जमत नव्हता. अशीच चांगली हातं धंदा सोडून जातात.

मग भाव किती?

तुमचा तास १५० धरा: ११ तासांचे १,६५०. मदतनीस १०० प्रमाणे ५ तास: ५००. फुगे ५६०, रिक्षा २००. झाले २,९१०. त्यावर नफा आणि जोखीम मिळून १५ टक्के, म्हणजे साधारण ३,३५० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव टाका. पद्धत मात्र हीच ठेवा.

गिऱ्हाईक म्हणालं, "आमचं बजेट १,५०० च आहे," तर रेट पाडू नका, काम कमी करा. "ताई, यात पिसारा मिटलेला बसलेला मोर छान होईल," असं सांगा. ऑर्डर पक्की म्हणजे निम्मे पैसे आधी जमा.

जबाबदारीच्या चार गोष्टी

- उन्हात हवा प्रसरण पावते आणि फुगा फुटतो. मंडपात सावलीची जागा आधी ठरवून घ्या. गवतावर ठेवू नका, पात्यांची टोकं लागतात.
- हाताला तेल, क्रीम नको, रबर खराब होतं. उरलेले फुगे बंद पिशवीत, अंधाऱ्या थंड जागी.
- लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. काहींना त्याची ॲलर्जी असते, ऑर्डर घेतानाच विचारा.
- फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. अमेरिकेत पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी हा इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण स्वतःच नियम करू: निघताना जमिनीवरचा एक-एक तुकडा उचलायचा आणि आई-बाबांना सांगून निघायचं.

गृहपाठ

या आठवड्यात पूर्ण मोर करू नका. फक्त पाच पिसं करा. प्रत्येकाची वेळ आणि फुटलेले फुगे वहीत लिहा. पहिल्या आणि पाचव्या पिसाच्या वेळेत फरक दिसेल. पाचव्याची वेळ धरून भाव काढा. पुढचा फोन येईल तेव्हा लगेच आकडा सांगू नका, "दहा मिनिटांत सांगते" किंवा "सांगतो" म्हणा, आणि वही उघडा.

भेटू पुढच्या भागात. पीस मोजत राहा!