गोधडीची किंमत : ‘तुम्हीच काय ते द्या’ म्हणायचं नाही

(हा पाठ गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा. घरची एक गोधडी, वही-पेन आणि मोबाईलमधला कॅलक्युलेटर जवळ ठेवावा.)



जत्रेत स्टॉल लावला की हे हमखास घडतं. गिऱ्हाईक गोधडी उलगडतं, टाक्यांवरून हात फिरवतं आणि विचारतं, “ताई, केवढ्याला?” आपण एकमेकींकडे बघतो, हसतो आणि म्हणतो, “द्या तुम्हीच काय ते!” संकोचातून निघालेलं हे वाक्य आपल्याला फार महाग पडतं. पापडाचा, मसाल्याचा भाव आपण पावशेराप्रमाणे धडाधडा सांगतो. मग गोधडीचा का नाही? कारण ती शिवायला किती तास गेले हे आपण कधी मोजलेलंच नसतं.

आता मोजायला हवं. पिंपरी-चिंचवड महापालिकेची पवनाथडी जत्रा, पुण्यातली भीमथडी जत्रा अशा ठिकाणी आपल्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळतं. पण जत्रा चार दिवसांची. वर्षभर विक्री हवी असेल तर हस्तकलेच्या छोट्या दुकानात माल ठेवावा लागतो. तिथला दुकानदार तीन गोष्टी विचारतो : कोणी शिवली, किती दिवस लागले आणि किंमत काय? या तिन्हींची उत्तरं तयार ठेवणं, एवढाच आजचा पाठ आहे.

१. आधी आपल्या वस्तूची किंमत आपल्याला कळू द्या

गोधडी म्हणा नाहीतर वाकळ म्हणा, रीत तीच. जुनी लुगडी, धोतरं स्वच्छ धुवायची, थरावर थर अंथरायचे, कच्चा टाका घालायचा आणि मग धावदोऱ्याच्या ओळीवर ओळी. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या आपल्या भागात आता तिच्यात कंपनीच्या जुन्या युनिफॉर्मचं कापडही येतं. “हे काय दुकानात ठेवायचं?” असं वाटत असेल तर पुढची दोन उदाहरणं वाचा.

कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. शिवण कडेपासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्यावर येते. चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकड्यांची ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आज कवंदी कलाकृती म्हणून परदेशातही पोचली आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथले लोक कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज. १९४२ मध्ये तिथल्या मिसूरी पेटवे यांनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर घेऊन झोपता यावं म्हणून. २००२ मध्ये या गावच्या गोधड्या ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली.

गंमत बघा, शर्ट-पँटच्या त्याच जुन्या तुकड्यांना लोकांनी कला म्हटलं, ते शिवणाऱ्या बाईचं नाव आणि तिची गोष्ट कळल्यावर.

२. तासांचा हिशोब

वहीत एक पान गोधडीच्या नावाने काढा. शिवायला बसताना वेळ लिहा, उठताना लिहा. दुपारी दीडला बसलात, सव्वातीनला उठलात, तर पावणेदोन तास. कापड धुणं, कापणं, थर लावणं हेही कामच आहे, तेही धरा. दोघी मिळून दोन तास बसलात तर ते चार तास झाले. “टीव्ही बघता बघता शिवली” म्हणून वेळ फुकट धरू नका.

मग तासाचा दर. अगदी कमीत कमी काय धरावा? रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये. गोधडी हे कसबाचं काम आहे, त्यामुळे याच्या खाली तर जायचंच नाही.

आता एक उदाहरण करू. (आकडे समजण्यापुरते आहेत, आपापले घालावेत.)

पाच बाय सात फुटांची गोधडी, ६० तास :
कापड – ६०० रुपये
दोरा – १५० रुपये
धुणं, गाडीभाडं – १०० रुपये
मजुरी, ६० × ३९ – २,३४० रुपये
एकूण – ३,१९० रुपये
गटाचा नफा – ३१० रुपये
आपल्या हातात यायला हवेत – ३,५०० रुपये

जुन्या साड्या घरच्याच असल्या तरी कापडाची किंमत शून्य लिहू नका. पुढच्या गोधडीला त्या विकतच आणाव्या लागतील.

३. कमिशनमध्ये होणारी चूक

समजा दुकानदार ३० टक्के कमिशन घेतो. आपण काय करतो? ३,५०० वर ३० टक्के चढवतो आणि ४,५५० ची चिठ्ठी लावतो. पण दुकानदार कमिशन कापतो ते विक्रीच्या किमतीवर. ४,५५० चे ३० टक्के म्हणजे १,३६५. आपल्या हातात उरले ३,१८५. म्हणजे नफा तर गेलाच, वर खर्च-मजुरीतलेही पाच रुपये गेले!

बरोबर रीत अशी : शंभरातले ७० आपले असतील, तर ३,५०० ला ७० ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर येतं ५,००० रुपये. ही दुकानातली किंमत.

“पाच हजाराला कोण घेईल?” हा प्रश्न रास्त आहे. सगळ्याच गोधड्या त्या भावाला जाणार नाहीत. म्हणून बाळाची छोटी गोधडी, उशीचे अभ्रे अशा कमी तासांच्या वस्तूही सोबत ठेवा. कोणी आईच्या साड्या आणून आठवणीची गोधडी मागितली, तर कापडाचा खर्च वाचतो. उरलेलं कापड मात्र त्यांना आठवणीने परत करा. आणि कधी भाव कमी करावाच लागला, तर किती सोडतोय हे तरी आपल्याला ठाऊक असेल.

४. दुकानात माल देण्याआधी

तोंडी व्यवहार नको. जीज बेंडच्या काही कलावंत बायकांना गोधड्यांच्या हक्कांसाठी २००७ मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. नाव झालं तरी हक्क आपोआप मिळत नाहीत. म्हणून एका कागदावर, दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांनिशी लिहा :

• किती नग दिले, प्रत्येकाची विक्री किंमत काय
• कमिशन किती टक्के
• विकल्यावर पैसे किती दिवसांत
• डाग पडला, फाटलं तर नुकसान कोणाचं
• न विकलेला माल कधी परत
• फोटो आणि नाव कुठे वापरणार

प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी शिवा : शिवणारीचं नाव, गाव, गटाचं नाव, लागलेले तास आणि धुण्याची सूचना. तुमची परवानगी असेल तरच फोटो. मोबाईल नंबर गटाचा द्या, घरचा नको. आणि खरं तेच लिहा. मशीनवर शिवलेल्या गोधडीवर ‘हाताने शिवलेली’ लिहिलं, तर एकीच्या खोट्याने साऱ्या गटाचा विश्वास जातो.

बैठकीत करा

१. समोरच्या गोधडीला किती तास लागले असतील? प्रत्येकीने अंदाज सांगा, मग शिवणारीला विचारा.
२. खर्च १,२०० रुपये, मजुरी आणि नफा धरून १,६०० हवेत, कमिशन २० टक्के. दुकानातली किंमत किती? (उत्तर : २,००० रुपये)
३. दोघींनी गिऱ्हाईक आणि विक्रेती व्हा. “केवढ्याला?” विचारल्यावर खाली न बघता, न हसता, आकडा सांगा.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड जातो. तो प्रत्येकीला जमेपर्यंत बैठक उठवू नका.