ज्युरीचा निकाल पटण्याजोगा नसेल तर

प्रश्न : मेलबर्नमध्ये माझ्या भाच्याला ज्युरीने दोषी ठरवले. नवा पुरावा नाही, न्यायाधीशांची चूकही नाही. तरी अपील करता येईल का?

उत्तर : येईल. व्हिक्टोरियाच्या 2009 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, पुराव्यावर न टिकणारा निकाल हे अपिलाचे स्वतंत्र कारण आहे. मात्र ‘ज्युरीने आमच्या साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा होता’ एवढ्याने भागत नाही. सगळा पुरावा एकत्र पाहता वाजवी शंकेपलीकडे खात्री होण्यास ज्युरीला वाव होता का, ही 1994 पासूनची कसोटी आहे. ऑस्ट्रेलियातील कॅथलिक चर्चचे कार्डिनल जॉर्ज पेल यांच्यावरील बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यात तिचा अर्थ लख्ख दिसतो. तक्रारदार विश्वासार्ह वाटल्याने राज्याच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी दोषसिद्धी कायम ठेवली. एप्रिल 2020 मध्ये हायकोर्टाच्या (ऑस्ट्रेलियाचे हेच सर्वोच्च न्यायालय) सातही न्यायमूर्तींनी ती रद्द केली. मिस्सा या प्रार्थनाविधीनंतर पेल चर्चच्या पायऱ्यांवर थांबून लोकांना भेटत, सोबत कुणीतरी असेच, जिथे अत्याचार झाल्याचा आरोप होता त्या मागच्या खोलीत वर्दळ असे, ही साक्ष खोडली गेली नव्हती. तक्रारदारावर विश्वास ठेवूनही शंका उरत होती.

साक्षीदाराला समोर पाहणाऱ्या ज्युरीपेक्षा कागद वाचणाऱ्यांना जास्त काय कळणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अशी अपिले सहजासहजी मंजूर होत नाहीत. पण माणूस खरा वाटणे आणि सांगितलेली घटना त्या वेळेत, त्या जागी घडू शकणे, या दोन गोष्टी वेगळ्या. तेव्हा वकिलांना जबान्यांतली वेळ, जागा आणि हजेरी पडताळायला सांगा. शिक्षेपासून 28 दिवसांत अपिलाच्या परवानगीचा अर्ज जायला हवा. मुदत आधी पाहा.