नीट हुकली म्हणून नको, काम आवडतं म्हणून या: मिडवाइफरीतलं करिअर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तेलंगणात दर शंभर बाळंतपणांमागे जवळजवळ ६१ सिझेरियन आढळली. खासगी रुग्णालयांत तर हे प्रमाण ८१ च्या वर होतं. महाराष्ट्राचा आकडा २५ च्या आसपास आणि देशाचा साडेएकवीस. अडल्या वेळी सिझेरियन आई आणि बाळ दोघांचा जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. पण शंभरातल्या साठ जणींना त्याची खरोखर गरज पडते, असं प्रसूतितज्ज्ञही म्हणणार नाहीत. कुठे मुहूर्त काढलेला असतो, कुठे कळांची धास्ती असते, कुठे पहिलं सिझर झालं म्हणून दुसरंही. आणि कळा देणाऱ्या बाईपाशी आठ-दहा तास थांबायला डॉक्टरांकडे वेळ नसतो, हे तर सगळीकडेच.

हा वेळ आणि त्याला लागणारं कौशल्य ज्या व्यक्तीकडे असतं ती म्हणजे प्रशिक्षित मिडवाइफ. आपल्या देशात या शिक्षणाची घडी बसवण्यात हैदराबादचा वाटा मोठा आहे. नांदेड-लातूरकडून उपचारांसाठी हैदराबादला जाणारी कुटुंबं आणि काचीगुडा, सुलतान बाजार भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं यांच्यासाठी ही अगदी हाताशी असलेली गोष्ट आहे. तरी बारावीनंतरच्या पर्यायांच्या यादीत तिचं नाव क्वचितच निघतं.

हे काम नेमकं काय असतं?

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ असं पद आणि मिडवाइफच्या नेतृत्वाखाली चालणारा प्रसूती विभाग, म्हणजे ‘मिडवाइफरी लेड केअर युनिट’, या दोन्हींची कल्पना मांडली आहे. असा विभाग छोटा असतो. मोजक्या खोल्या, आणि कळा, बाळंतपण व नंतरची विश्रांती हे सगळं एकाच खोलीत. ज्यांच्या गरोदरपणात गुंतागुंत नाही अशा स्त्रिया इथे येतात. रक्तदाब चढला, बाळाचे ठोके बिघडले, कळा असूनही बाळंतपण पुढे सरकेना, की मिडवाइफ प्रसूतितज्ज्ञांना बोलावते. ती सिझेरियन करत नाही. ते कधी लागणार हे वेळेत ओळखणं मात्र तिचंच काम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर बाळंतपणाचा सक्रिय टप्पा सुरू होतो आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तास लागले तरी ते स्वाभाविक धरलं जातं. या तासांत मिडवाइफ हात बांधून बसत नाही. ती ठरावीक वेळाने बाळाचे ठोके ऐकते, कळा किती आणि किती वेळच्या हे नोंदवते, बाईला चालायला लावते, कुशीवर वळवते, पाठ चोळते, घोटभर पाणी देते, सोबत आलेल्या आईला किंवा नवऱ्याला काय करायचं ते सांगते. लेबर टेबलावर उताणं झोपलंच पाहिजे अशी सक्ती नाही आणि सरसकट छेद देऊन टाके घालणंही नाही.

बाळ बाहेर आलं की लगेच ते आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून ऊबदार कापड घालायचं. एका मिनिटाच्या आत आईला गर्भाशय आकसण्यासाठीचं इंजेक्शन. नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापायची, म्हणजे बाळाला जास्तीचं रक्त मिळतं. वार पडली की ती पूर्ण आहे ना, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे हातात घेऊन तपासायचं. मग आईच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय चाचपायचं. ते नारळासारखं टणक लागलं तर ठीक, मऊ लागलं तर रक्तस्रावाचा धोका. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी हे पाहावं लागतं. बाळंतिणींच्या मृत्यूचं एक मोठं कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आहे. तो रोखण्याची सुरुवात या साध्या दिसणाऱ्या चाचपणीतून होते.

बाळंतपणानंतरचं निम्मं काम

बाळ झालं, पेढे वाटले, की घरच्यांना वाटतं संपलं. मिडवाइफचं निम्मं काम तिथून सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘दूधच येत नाही’ अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. आजी मध चाटवायला निघते, कोणी पावडरचा डबा आणतं. अशा वेळी मिडवाइफ आईशेजारी बसून बाळ छातीला कसं लागलंय ते बघते. तोंड मोठं उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का. बहुतेकदा बाळाला धरण्याची पद्धत बदलली की प्रश्न सुटतो. पहिला चीक फेकायचा नाही, पहिल्या तासातच पाजायचं, हे पटवताना आजीचा मान राखून बोलावं लागतं. ते शिकायला वेळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत किमान चार वेळा आई-बाळाची तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत रुजवण्याचं मोठं श्रेय गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेला जातं. तिथल्या गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. आज देशभर आशा ताई करतात त्या गृहभेटींचा पाया तोच. टाके, ताप, रक्तस्राव, बाळाची कावीळ आणि बाळंतिणीचं खचलेलं मन या सगळ्यांकडे शिकलेल्या नजरेने पाहणारी मिडवाइफ या साखळीत आली, तर काय होईल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

हैदराबादने काय केलं?

१९४८ साली डॉ. लेस्ली आणि डॉ. लूर्ड्स फर्नांडिस या दांपत्याने बोगुलकुंट्यात दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं. पुढे त्याचं मोठं रुग्णालय झालं. त्यांची कन्या डॉ. एविटा फर्नांडिस यांनी २०११ मध्ये आपल्याच रुग्णालयात परिचारिकांसाठी दोन वर्षांचं मिडवाइफरी प्रशिक्षण चालू केलं. डॉक्टरांनीच ‘साधी बाळंतपणं आमच्याशिवाय होऊ द्या’ म्हणणं ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. बंजारा हिल्समधलं त्यांचं ‘स्टॉर्क होम’ हे याच विचाराचं प्रसूतिकेंद्र.

२०१७ मध्ये तेलंगणा सरकारने फर्नांडिस रुग्णालय आणि युनिसेफ यांच्यासोबत करीमनगरमध्ये सरकारी परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचं प्रशिक्षण सुरू केलं. जिल्हा मुद्दामच निवडला असावा असं वाटतं, कारण सिझेरियनच्या प्रमाणात तो राज्यात फार वर आहे. केंद्राची तत्त्वं आली ती त्यानंतरच्या वर्षी. पुढे मिडवाइफ घडवणारे शिक्षक तयार करण्यासाठी राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था नेमल्या गेल्या, त्यांत हैदराबादची फर्नांडिस ही सुरुवातीची.

शिक्षणाची वाट

भारतात बारावीनंतर थेट मिडवाइफ होता येत नाही. ब्रिटनमध्ये मिडवाइफरीची तीन वर्षांची स्वतंत्र पदवी आहे; आपल्याकडे वाट नर्सिंगमधूनच जाते.

पहिला पर्याय बी.एस्सी. नर्सिंग: चार वर्षं, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. दुसरा पर्याय जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी): तीन वर्षांची पदविका, आणि तिथे विज्ञान शाखेखेरीज इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू शकतो. दोन्हींनंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे ‘नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत मिडवाइफ’ अशी दुहेरी नोंदणी होते. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रमही आहे, पण पुढे मिडवाइफरीत विशेष प्रावीण्य मिळवायचं असेल तर जीएनएम किंवा बी.एस्सी.च धरा.

नोंदणीनंतर प्रसूतिकक्षात किमान दोन वर्षं काम करायचं. मग अठरा महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचं प्रशिक्षण: एक वर्ष शिक्षण आणि सहा महिने प्रत्यक्ष विभागात काम. सरकारी योजनेत राज्यं आपल्या सेवेतल्या परिचारिकांना यासाठी पाठवतात. म्हणजे बारावीपासून हिशेब मांडला तर साडेसहा ते साडेसात वर्षं. एमबीबीएसही साडेपाच वर्षांचं असतं आणि पुढे पदव्युत्तर तीन वर्षं, हे लक्षात ठेवलं की हा काळ फार वाटत नाही.

हैदराबादमध्ये सोमाजीगुड्याचं सरकारी नर्सिंग कॉलेज आणि निम्सचं (निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) नर्सिंग कॉलेज ही नावाजलेली ठिकाणं. पण तेलंगणातल्या बहुतेक जागा तिथे शिकलेल्या ‘स्थानिक’ विद्यार्थ्यांसाठी असतात. हैदराबादच्या मराठी मुलींना तो लाभ मिळतो. नांदेड, लातूर, परभणीच्या मुलींनी महाराष्ट्रातच नर्सिंग करून पुढच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादचा विचार करावा हे व्यवहाराचं. सीमेपलीकडे काम करायचं तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी आणि कामापुरती तेलुगू दोन्ही लागतील. कळा येत असताना बाई आपल्या भाषेतच बोलते.

कॉलेज निवडताना

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. माहितीपत्रकावर संगणक कक्ष, बस आणि वसतिगृहाचे फोटो असतात. मिडवाइफ मात्र प्रसूतिकक्षात घडते. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या नियमानुसार नर्सिंग संस्थेकडे साधारणपणे किमान शंभर खाटांचं स्वतःचं रुग्णालय असायला हवं. ते आहे का आणि खाटांवर रुग्ण आहेत का, हे स्वतः जाऊन बघा. मग विचारा: महिन्याला किती बाळंतपणं होतात? त्यांतली नैसर्गिक किती? विद्यार्थिनी ती स्वतः करतात की भिंतीला टेकून बघतात? जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या साध्या सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये पुष्कळदा चकचकीत खासगी कॉलेजपेक्षा जास्त हात चालतो. कौन्सिलची मान्यता त्या वर्षासाठी आहे का, हेही तपासा.

पालकांच्या मनातले प्रश्न

‘शेवटी नर्सच ना?’ हा पहिला. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मुलींसाठी नर्सिंगचे वर्ग चालवले, तेव्हाही समाजाने नाकं मुरडलीच होती. आज या कामाला कायद्याचं बळ आहे. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायद्याने १९४७ चा जुना कायदा मोडीत काढण्याची तरतूद केली आणि मिडवाइफरीला नावातच स्थान दिलं.

‘पगार किती?’ खरं सांगायचं तर छोट्या खासगी रुग्णालयांत सुरुवात निराश करणारी असते. सरकारी नोकरीत चित्र वेगळं. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. त्यासाठी नॉरसेट परीक्षा द्यावी लागते, बी.एस्सी. चालतं, जीएनएम असेल तर दोन वर्षांचा अनुभव लागतो.

‘परदेशी जाता येईल?’ येईल, पण ‘इथलं प्रमाणपत्र तिथे आपोआप चालतं’ म्हणणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये मिडवाइफ म्हणून नोंदणीसाठी वेगळी संगणकीय आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते. गरज मात्र जगभर आहे. २०२१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने जगात नऊ लाख मिडवाइफ कमी असल्याचं म्हटलं.

‘रात्रपाळी, ताण?’ दोन्ही आहेत. बाळंतपणं घड्याळ बघून होत नाहीत. कधी बाळ दगावतं, कधी चांगल्या चाललेल्या केसमध्ये दहा मिनिटांत सगळं फिरतं. तेव्हा डोकं शांत ठेवणं, वेळेवर डॉक्टरांना बोलावणं आणि प्रत्येक नोंद लिहून ठेवणं हेच मिडवाइफला आणि बाईला वाचवतं. ज्या मुलीला रक्त बघून भोवळ येते तिला ते सवयीने जमेल. पण जिला थांबायचा कंटाळा आहे, जिला समोरच्या बाईचं गाऱ्हाणं ऐकवत नाही, तिने हा मार्ग घेऊ नये.

आणखी एक अडचण स्पष्ट सांगायला हवी. मिडवाइफचे विभाग अजून थोडे आहेत. प्रशिक्षण घेऊनही एखादीला साध्या वॉर्डात नेमलं जाऊ शकतं. त्यामुळे नर्सिंगची पदवी भक्कम हवी. मिडवाइफरी तिच्यावर चढवलेला मजला आहे.

२०१८-२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होत होते; तेलंगणात ४३, महाराष्ट्रात ३३. हे आकडे खाली आणायला नुसती ऑपरेशन थिएटरं वाढवून भागणार नाही, कळा देणाऱ्या बाईपाशी जाणती माणसंही बसवावी लागतील. तुमच्या मुलीला ते काम खुणावत असेल तर ‘मेडिकल नाही तर निदान हे’ असं म्हणत पाठवू नका. आणि फी भरण्याआधी एकदा तिला घेऊन त्या कॉलेजच्या प्रसूतिकक्षापर्यंत जा, तिथल्या सिस्टरशी बोला. निर्णय तिथेच घ्या.