बीपीचा वर्षाचा खर्च: पैसे कुठे लावावेत, कुठे वाचवावेत

उच्च रक्तदाबाची गोळी जनऔषधी केंद्रातून घेतली, तर दिवसाचा खर्च टपरीवरच्या कटिंग चहापेक्षा कमी येतो. तरीही महिनाअखेरीला हात आखडता घ्यायची वेळ आली, की अनेक घरांत सगळ्यात आधी बंद होते ती हीच गोळी. कारण बीपी दुखत नाही. गोळी घेतली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी आडवं पडत नाही. रक्तवाहिन्यांचं, हृदयाचं आणि किडनीचं नुकसान मात्र आतल्या आत चालूच राहतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत, १५ वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष रक्तदाब वाढलेले किंवा त्यावर औषध घेणारे निघाले. म्हणजे चार-पाच मोठ्या माणसांच्या घरात एकाला तरी हा आजार असण्याची शक्यता आहे. म्हणून त्याचा खर्च घरखर्चात आधीच धरलेला बरा. पुढच्या किमती राज्यातल्या शहरांमधल्या साधारण किमती आहेत. गाव, दुकान आणि दवाखाना यांप्रमाणे त्या बदलतील.

निदान: फुकट होतं, घाईने करू नका

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे, तोही वेगवेगळ्या दिवशी मोजून, तर उच्च रक्तदाब. दवाखान्यात एकदाच जास्त आला म्हणून लगेच आयुष्यभराची गोळी सुरू होत नाही, आणि एकदा बरा आला म्हणून सुटकाही होत नाही. दवाखान्याच्या धास्तीने अनेकांचा आकडा चढतो. म्हणून घरच्या मोजणीला महत्त्व आहे. घरी सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल, तर तो वाढलेला धरतात.

मोजण्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखली जाणारी उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं इथे तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखर तपासणी मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो याचसाठी. त्यांना टाळू नका.

घरचं यंत्र: १,२०० ते ३,००० रुपये, एकदाच

घरात बीपीचा रुग्ण असेल तर हा खर्च जरूर करा. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटावरची यंत्रं हात थोडा वर-खाली झाला तरी चुकतात, आणि पट्ट्याशिवाय आकडा दाखवणाऱ्या घड्याळांवर गोळीचा निर्णय घेता येत नाही. ब्लूटूथ, रंगीत पडदा, बोलून आकडा सांगणं या सोयींनी किंमत वाढते, अचूकपणा वाढत नाही.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, पट्ट्याचं माप. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडाला चालतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल, तर आकडा खोटा जास्त येतो आणि नको तितकी औषधं वाढतात. मोठा पट्टा वेगळा मिळतो. त्याचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. दुसरी, यंत्राची स्वतंत्र चाचणी झाली आहे का. अशा यंत्रांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने बीपी यंत्रांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. छापील किमतीपेक्षा जास्त कोणी मागितले तर देऊ नका, आणि बिल घ्याच. वॉरंटी बिलावरच मिळते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवा. मोजताना बोलू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत लिहा. डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं मोजून ती वही न्या. डॉक्टरांना बहुतेक वेळा महागड्या तपासणीपेक्षा या वहीचा उपयोग जास्त होतो.

तपासण्या: १,२०० ते २,२०० रुपये, वर्षातून एकदा

निदान झाल्यावर लागणाऱ्या तपासण्या मोजक्या आहेत. खासगी लॅबमध्ये क्रिएटिनिन (१५० ते ३०० रुपये), सोडियम-पोटॅशियम (३०० ते ५००), लघवी (१०० ते २००), उपाशीपोटीची साखर (५० ते १००), कोलेस्टेरॉलचा पूर्ण अहवाल (४०० ते ७००) आणि ईसीजी (२०० ते ४००). किडनी, साखर आणि हृदय यांची पहिली चौकशी यातून होते.

‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सत्तर-ऐंशी चाचण्यांची यादी असते. बीपीसाठी त्यातल्या बहुतेक लागत नाहीत, आणि लघवी किंवा ईसीजी अनेकदा त्यात नसतंच. चिठ्ठीवर लिहिलेल्या तपासण्या सुट्या करा आणि लॅबला आधी दर विचारा. टू-डी एको सगळ्यांना लागत नाही. सांगितला तर कशासाठी, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको.

एक तपासणी मात्र पैसे वाचवण्यासाठी टाळू नका. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघावं लागतं. किडनीला ती गोळी मानवते की नाही, ते त्यातूनच समजतं.

गोळ्या: महिन्याला शून्य ते ३०० रुपये

राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. या कार्यक्रमात मुख्यतः तीन साधी औषधं वापरतात: अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. ती जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि कसाला उतरलेली आहेत. बहुतेक रुग्णांचं बीपी यातल्या एक-दोन गोळ्यांत आटोक्यात राहतं. तुम्हाला कोणती, ते डॉक्टर ठरवतील. शेजाऱ्यांची गोळी तुमची नव्हे. टेल्मिसार्टन गरोदरपणात अजिबात चालत नाही.

आता भाव बघू. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम जनऔषधी केंद्रात दहा गोळ्यांच्या पट्टीला दहा रुपयांच्या आत, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम वीस रुपयांच्या आत. दोन्ही रोज घेतल्या तरी महिन्याला ९० रुपयांवर जात नाही. हीच औषधं नावाजलेल्या ब्रँडची घेतली तर एका गोळीला अनुक्रमे २-३ आणि ६-८ रुपये पडतात, म्हणजे महिन्याला ३०० च्या आसपास.

जेनेरिक घेताना काही गोष्टी पाळा:

• डॉक्टरांना ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम स्पष्ट लिहायला सांगा. दुकानात पट्टीवरचं तेच नाव, तोच आकडा जुळवून घ्या.
• बदल केला की जुनी पट्टी बाजूला काढा. ब्रँड वेगळा म्हणून औषध वेगळं समजून दोन्ही घेणारे लोक असतात. तसं झालं तर बीपी धोकादायकरीत्या उतरू शकतं.
• बदलानंतर दोन आठवडे घरी मोजा. आकडे सारखेच आले, तर निश्चिंत व्हा.
• गोळी संपायच्या आठवडाभर आधी पुढच्या महिन्याची आणा. केंद्रात माल नसेल, तर दुसरीकडे जायला वेळ राहतो. जवळचं केंद्र ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर किंवा १८०० १८० ८०८० या क्रमांकावर कळतं.

अम्लोडिपिनने कधी घोट्यांना सूज येते. परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. गोळी बदलून मिळते. गुडघ्यासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि ज्येष्ठमधाच्या काढ्याने बीपी चढतं, त्याबद्दलही डॉक्टरांशी बोला. नाहीतर एक औषध चढवणार आणि दुसरं उतरवणार, आणि पैसे दोन्हींचे जाणार.

मीठ: इथे खर्च नाही, बचत आहे

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. हिशेब सोपा आहे. चौघांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा किमान ५० दिवस पुरायला हवा. तोही लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स आणि बाहेरचं खाणं मुळीच नसेल तर. पुढच्या पुड्यावर उघडल्याची तारीख लिहा, तुमच्या घराचा आकडा आपोआप कळेल.

सैंधव किंवा गुलाबी मीठ महाग असतं, पण तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. बीपीसाठी त्याला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. कमी सोडियमच्या मिठाचा फायदा होतो, कारण त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. मात्र किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

मोफत उपचार कुठे

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, पण तिथलेही दर खासगीच्या मानाने नाममात्र असतात. ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडा असल्याने कामावर जाणाऱ्यांना सोयीचा पडतो. रांग लागते, हे खरं. पण बीपी आटोक्यात आलं की दर महिन्याला डॉक्टरांना भेटावंच असं नसतं. एका खेपेला जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, ते विचारा. ई-संजीवनीवर घरबसल्या सरकारी डॉक्टरांचा सल्लाही मोफत मिळतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांचा उपयोग भरती होण्यासाठी आहे. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं. घरातल्या आजी-आजोबांचं आजच काढून ठेवा.

विमा घेताना बीपी लपवू नका

बीपी आहे हे फॉर्मवर लिहिलं की हप्ता वाढेल, या भीतीने अनेक जण ते लपवतात. पुढे हृदयविकाराचा दावा नाकारला जातो तो याच कारणाने. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठीचा थांबण्याचा काळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. बीपीला पहिल्या दिवसापासून संरक्षण देणाऱ्या पॉलिसीही आहेत. दोन्हींचे हप्ते ताडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही. हप्त्याच्या पावतीत तो लावला नाही ना, ते तपासा.

जुन्या करप्रणालीत असाल तर प्रतिबंधक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना औषधोपचारांवरच्या खर्चाची ५०,००० पर्यंत वजावट आहे. ती बिलांवरच मिळते, आणि पैसे रोख दिलेले चालत नाहीत.

वर्षाचा हिशेब

• सरकारी दवाखाना: औषध आणि तपासण्या शून्य. खर्च येण्याजाण्याचा.
• फॅमिली डॉक्टर आणि जनऔषधी: गोळ्या सुमारे १,१००, चार भेटींचे १,२००, तपासण्या १,५०० ते २,०००. एकूण चार हजारांच्या आसपास.
• एमडी फिजिशियन आणि ब्रँडेड गोळ्या: गोळ्या ३,६००, चार भेटींचे ३,२००, तपासण्या २,०००. एकूण नऊ हजारांच्या आसपास.

यात यंत्राचे पैसे एकदाच मिळवा.

आता दुसरी बाजू. खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टीचं बिल दीड ते तीन लाखांवर जातं. डायलिसिस आठवड्याला दोन-तीनदा, एका वेळचे दीड-दोन हजार रुपये, तेही आयुष्यभर. अर्धांगवायूत हॉस्पिटलचं बिल हा खर्चाचा लहान भाग असतो. कमावतं माणूस घरी बसतं, आणि त्याची काळजी घ्यायला दुसऱ्या कोणाला काम सोडावं लागतं. बहुतेकदा ती घरातली बाई असते, आणि तिच्या बुडालेल्या कमाईची नोंद कुठल्याच बिलात होत नाही. वरचा आकडा १० ने उतरवला तर अर्धांगवायूचा धोका साधारण २७ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचा २८ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये दाखवलं गेलं आहे. चार हजार रुपयांत घराला मिळणारं याहून मोठं संरक्षण मला माहीत नाही.

एवढं करूनही १८० किंवा १२० च्या पुढे आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं किंवा बोलणं अडखळणं असेल, तर खर्चाचा विचार बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. ही लक्षणं असतील, तर आकडा कमी असला तरीही थांबू नका. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी या महिन्यात एकदा मोजून घ्या. वाढलेलं निघालं तर वरच्या तीन वाटांपैकी वर्षानुवर्षं झेपेल अशीच वाट निवडा. पैशांची ओढाताण झाली तर महागड्या वाटेवरून स्वस्त वाटेवर या, सरकारी दवाखान्यात जा, पण गोळीत खंड पडू देऊ नका.