आयर्लंडमधील गरीब शेतमजूर

आपण बटाटा उपासाला खातो. सुमारे २०० वर्षांपूर्वी आयर्लंडातले शेतमजूर रोज पोट भरायला तोच खात. एक गडी दिवसाला ५-६ किलो बटाटे खाई. मला तर खोटंच वाटलं! सोबत ताक, तेही असलं तर. घर म्हणजे मातीची एकच खोली, बहुधा खिडकीही नसे. डुक्कर पाळत, पण ते विकून जमीनदाराचा खंड भरायचा.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला. बटाटे काळे पडून कुजले. आजीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “मग त्यांच्याकडं दुसरं धान्य पिकत नव्हतं व्हय?” पिकत होतं. पण ते बोटींनी इंग्लंडला जाई. मजुरांकडे विकत घ्यायला पैसे कुठले? १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली. आणखी १० लाखांहून जास्त लोक गाव सोडून बोटीत बसले.