बुधवार पेठ आणि बुधवार वाडा : वाडा गेला, पेठ राहिली



इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही युरोपातल्या गावाचं एक चित्र पाहिलं असेल. टेकडीवर सरदाराचा दगडी किल्ला, पायथ्याशी दाटीवाटीने वसलेली घरं, एक प्रार्थनामंदिर आणि बाजाराचा चौक. जर्मन भाषेत अशा तटबंदीच्या जागेला 'बुर्ग' म्हणतात. हाम्बुर्ग, फ्रायबुर्ग या शहरांच्या नावांत हाच शब्द आहे. या बुर्गच्या आश्रयाने राहणारा तो 'ब्युर्गर', आणि आजच्या जर्मन भाषेत ब्युर्गर म्हणजे नागरिक! म्हणजे जो एके काळी धन्याच्या तटाआड राहत होता, तोच पुढे गावाचा हक्कदार झाला. आपल्याकडे 'नगर' वरून 'नागरिक' झाला, तसंच हे.

हा शब्द लक्षात ठेवा. आज आपल्याला जर्मनीत जायचं नाही, पुण्याच्या बुधवार पेठेत जायचं आहे. इथेही एका सत्ताधाऱ्याचा वाडा होता आणि त्याच्याभोवती वस्ती होती. प्रश्न असा की वाडा गेल्यावर वस्तीचं काय झालं?

पेठ कशी वसली?

जुनं पुणे म्हणजे कसबा. त्याच्याभोवती एकेक करून पेठा वसत गेल्या. पेठ म्हणजे बाजार असलेली वस्ती. नवी पेठ वसवताना व्यापारी आणि कारागीर यांना बोलावून जागा देत, काही वर्षं करात सूट देत. पेठेच्या व्यवस्थेसाठी शेटे-महाजन असत. राज्यकर्त्याला महसूल मिळे, लोकांना धंदा मिळे.

बुधवार पेठेचा आरंभ मात्र पेशवाईच्या आधीचा आहे. १७०३ साली औरंगजेबाची छावणी पुण्यात होती. त्या काळात त्याचा एक नातू इथे वारला आणि त्याच्या नावावरून या वस्तीला 'मुहियाबाद' म्हणू लागले. पुढे पेशवाईत तिचं नाव बुधवार पडलं. बघा, एकाच जागेला आधी बादशहाच्या घरातलं नाव आणि मग आठवड्याच्या वाराचं. टिकलं ते वाराचं, कारण ते रोजच्या बोलण्यातलं होतं.

पेठेतल्या इतर खुणाही बघा. तांबडी जोगेश्वरी ही पुण्याची ग्रामदेवता, तिचं देऊळ याच पेठेत. नाना फडणवीसांचं बेलबाग देवस्थान इथेच. पासोड्या विठोबाही इथलाच. अप्पा बळवंत चौकाचं नाव अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्यावरून आलं. फरासखाना म्हणजे तंबू, जाजमं, बिछायती ठेवण्याची जागा. आज ते नाव पोलीस चौकीला आहे. तुम्ही रोज रिक्षावाल्याला जी नावं सांगता, त्यांतलं प्रत्येक नाव इतिहासाचं एकेक पान आहे.

बुधवार वाडा

डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला. शनिवारवाडा तर होताच. पण त्या वाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता आणि १७९५ साली सवाई माधवराव तिथेच वरून पडून जखमी झाले व वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शुक्रवार वाडा, विश्रामबाग वाडा आणि आपल्या पेठेतला बुधवार वाडा असे आणखी वाडे उभे राहिले. त्यांतला विश्रामबाग वाडा १८०७ च्या सुमाराचा. त्याच्या दर्शनी भागातले कोरीव लाकडी खांब आजही बघायला मिळतात.

पण या वाड्यांचं राजवैभव फार दिवस टिकलं नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढच्या वर्षी बाजीरावाने शरणागती पत्करली. सालाना आठ लाखांचं निवृत्तिवेतन घेऊन तो गंगेकाठी ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेला. तो पुण्याला परत आलाच नाही.

आता वाडा मोकळा. धनी नाही, दरबार नाही. बहुतेक गोष्टी इथे संपतात. आपली गोष्ट मात्र इथेच सुरू होते.

वाड्याचा दुसरा जन्म

विश्रामबाग वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेज आपला आरंभ याच पाठशाळेपर्यंत मागे नेतं. बुधवार वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या. आणि १८४८ साली तिथे 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख या कामात पुढे होते. आज आपण तिला 'पुणे नगर वाचन मंदिर' म्हणून ओळखतो.

आता वर्ष नीट बघा. त्याच १८४८ साली, १ जानेवारीला, याच बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. एकाच पेठेत, एकाच वर्षी दोन दारं उघडली. एक पुस्तकांचं आणि एक मुलींच्या शिक्षणाचं. पहिलं दार पेशव्याच्या वाड्यात होतं, दुसरं एका गृहस्थाच्या वाड्यात. पुढे १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती यांची व्याख्यानंही बुधवार पेठेत झाली.

पेशवे असताना वाड्यात कोण जाऊ शके? ज्याला आत बोलावणं असे तो. आता वाचायला आणि शिकायला लोक पेठेत येऊ लागले. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि सगळ्यांसाठी सारखाही झाला नाही. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक त्यांच्यावर शेण-माती टाकत, हे तुम्ही वाचलं आहेच. पण रयतेचा नागरिक होण्याची सुरुवात अशीच होते. ब्युर्गर शब्द आठवला ना?

१३ मे १८७९ ची रात्र

१८७९ चा उन्हाळा. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हवालदिल झालेलं. अशात १३ मेच्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा दोन्हींना आग लागली. लाकडी वाडे ते! बुधवार वाडा जळून गेला, वाचनालयाचीही राख झाली. विश्रामबागेचा एक भाग जळाला, बाकीचा वाचला.

इंग्रज अधिकाऱ्यांचा संशय लगेच फडक्यांच्या बंडाकडे आणि पुण्याच्या शिकलेल्या मंडळींकडे वळला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची बदली याच काळात धुळ्याला झाली. पण चौकशीअंती दोषी ठरला तो सरकारी नोकरीतलाच एक कारकून. इतिहास शिकताना हे जरूर ध्यानात घ्या. गडबडीच्या काळात संशय आधी धावतो, पुरावा मागून चालत येतो.

आता दोन वाड्यांची तुलना करा. विश्रामबाग दुरुस्त झाला, पुढे काही दशकं नगरपालिकेचा कारभार तिथून चालला, म्हणून तो आज उभा दिसतो. बुधवार वाडा दिसत नाही. पण त्यात जन्मलेलं वाचनालय मात्र आगीतून उठलं आणि आजही बुधवार पेठेतच आहे. भिंती गेल्या, काम राहिलं.

भिडे वाड्याचंही तसंच. तो पडायला आला होता. न्यायालयात बरीच वर्षं वाद चालला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने ती जीर्ण इमारत उतरवली, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे म्हणून. ज्यांनी वाडा पाहिला त्यांना वाईट वाटलं, आणि ते साहजिक आहे. पण तिथे सुरू झालेली गोष्ट आज राज्यातल्या प्रत्येक शाळेत मुलींच्या बाकांवर बसलेली आहे.

शेवटी थोडं मनातलं

हा पाठ लिहायला एक कारण आहे. बुधवार पेठ म्हटलं की काही जण तोंड दाबून हसतात. त्यांना पेठेतली एकच वस्ती ठाऊक असते. पेठेत राहणारी मुलं मग नव्या कॉलेजात पत्ता सांगताना अडखळतात, नुसतं 'लक्ष्मी रोडजवळ' म्हणून वेळ मारून नेतात. बाळांनो, असं करू नका. त्या वस्तीतल्या बायका आणि त्यांची लेकरं याच पेठेचे नागरिक आहेत. त्यांतलीही कितीतरी मुलं शाळेत जातात, त्यांच्यावर हसण्यासारखं काही नाही. उलट, जिथे मुलींच्या शाळेचं दार उघडलं, त्या पेठेने कोणत्याही मुलीला दाराबाहेर ठेवू नये, एवढी अपेक्षा तर आपण करू शकतोच. पत्ता सांगताना मान वर करून सांगा : बुधवार पेठ, पुणे.

स्वाध्याय

१. मुहियाबाद हे नाव का पडलं? ते न टिकता 'बुधवार' का टिकलं असेल? तुमच्या शब्दांत लिहा.

२. १८४८ साली बुधवार पेठेत सुरू झालेल्या दोन संस्था कोणत्या? दोन्हींत साम्य काय, फरक काय?

३. १३ मे १८७९ च्या आगीनंतर संशय कोणावर गेला आणि दोषी कोण ठरलं? यावरून काय शिकता येईल?

४. उपक्रम : तुमच्या गावातला किंवा पेठेतला एखादा जुना वाडा, गढी किंवा चावडी शोधा. मूळ मालक कोण, आज तिथे काय चालतं, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा. वाडा पडला असेल तरी चालेल. तिथे काय चालायचं तेवढं नक्की विचारा.