त्वचेच्या कर्करोगावरील संशोधन : रुग्णाच्या प्रश्नांचे स्थान

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे, तर तेराव्यात क्षुद्ररोगांमध्ये तिलकालक, मशक, न्यच्छ इत्यादींचे वर्णन केले आहे. पदव्युत्तर प्रबंधाचा विषय निवडताना आपण ग्रंथाकडे वळतो ते उचितच होय. परंतु ज्याच्या त्वचेवर अर्बुद उठले आहे, त्याला काय जाणून घ्यावयाचे आहे, हे विचारण्याची रीत आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही.

रुग्णाच्या राहणीकडे पाहिल्याने काय हाती लागते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह 1945 साली धोतराच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. कंबरेभोवती धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने त्वचा काळवंडते, जाड होते, आणि क्वचित त्या जागी न भरणारा व्रण होऊन कर्करोग उद्भवतो. पुढे परकराच्या नाडीखालीही तसाच विकार नोंदला गेला. तथापि येथे प्रश्न संशोधकाचा होता. रुग्णाने केवळ उत्तर पुरविले.

प्रश्नच रुग्णाकडून घेण्याचा क्रम इंग्लंडमध्ये 2004 साली स्थापन झालेल्या जेम्स लिंड अलायन्सने घालून दिला. (1747 साली बारा खलाशांवर प्रयोग करून रक्तपित्तसदृश स्कर्व्ही रोगावर संत्री-लिंबांचा गुण दाखविणारे ते हे लिंड.) रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे व चिकित्सक प्रश्न पाठवितात, ज्यांची उत्तरे आधीच सिद्ध आहेत ते वगळले जातात, उरलेल्यांचा अग्रक्रम सर्वजण एकत्र बसून ठरवितात. औषध कंपन्यांना तेथे मत नसते. आमच्या औषधनिर्मात्या वाचकांस हे खटकेल, पण कारण उघड आहे. इसब या त्वचारोगाविषयी असा उपक्रम झाला, तेव्हा अग्रक्रमात आलेला एक प्रश्न स्नानाचा होता : किती वेळा, किती उष्ण पाण्याने? असा साधा प्रश्न प्रबंधाच्या यादीत सहसा दिसत नाही.

आता आंबीकडे येऊ. मावळातील हा भाताचा मुलूख. लावणीला माणसे चिखलात अनवाणी उभी राहतात. आपल्या लोकांत मेलॅनोमा बहुधा तळपायावर वा नखाखाली आढळतो आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. काळा डाग म्हणजे कुरूप किंवा रुतलेला काटा, असे समजून माणूस प्रथम औषधाच्या दुकानात मलम मागतो, मग आपल्याकडे येतो. आपला प्रश्न असतो, ‘लेपाने अर्बुद विरते काय?’ त्याचा असतो, ‘किती दिवस वाट पाहिली म्हणजे उशीर होईल? अंगठा काढला तर आवणात उभे राहता येईल का? मुलांना होईल का?’ यांपैकी पहिल्याचे उत्तर वैद्याने लगेच द्यावे. डाग वाढत, रंग बदलत वा स्रवत असेल, तर क्षारकर्म, अग्निकर्म वा लेप न करता प्रथम बायॉप्सीसाठी पाठवावे. जळलेल्या ऊतकावरून निदान बिघडते. दुकानदारांनीही येथे विक्रीचा मोह टाळावा. कर्करोग बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहेच.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र संशोधन हवे, आणि त्यात आयुर्वेदास वाव आहे : शस्त्रक्रियेनंतरचे व्रणरोपण, चालणे, वेदना. नैतिकता समितीत सामान्य नागरिकाचा प्रतिनिधी असतो खरा, पण त्याच्यापुढे प्रकल्प येतो तो विषय ठरल्यानंतर.

म्हणून आम्ही सुचवितो की, प्रत्येक चिकित्सालयात एक वही ठेवावी. रुग्णाची संमती घेऊन, नाव न लिहिता, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपावा. ‘आवणात उभे राहणे’ याचे ‘पादकर्मक्षमता’ करू नये. वर्षातून एकदा अशा वह्या जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील पदव्युत्तर मार्गदर्शकांकडे द्याव्यात. विषयनिवडीच्या बैठकीस उपचार पूर्ण झालेले दोन-तीन रुग्णही बोलवावेत, आणि लावणी-कापणीचे दिवस टाळून. त्यांचा प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मात्र महाविद्यालयाने द्यावी.